शेजारच्या सीटवर बावन्न

ड्रायव्हरच्या सीटवर वाळूच्या आठ पिशव्या रचून भावाने त्यांना पट्टा लावला.

"हे झाले दाजी."

"शोभतायत," ताई म्हणाली. "बोलतातही तेवढंच."

पिशव्या तिनेच शिवलेल्या. जाड कापड, दुहेरी शिवण, प्रत्येकीवर लाल दोऱ्याने वजनाचा आकडा. भावाच्या गॅरेजात स्पोर्ट्स गाड्या खाली बसवून घ्यायला लोक लांबून येत. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसली पाहिजे, पण टेकता कामा नये. त्यासाठी आत बसणाऱ्यांच्या वजनाइतकी वाळू सीटवर ठेवायची, चार चाकं चार वजनकाट्यांवर घ्यायची आणि स्प्रिंगचे नट फिरवत उंची जुळवायची. शेवटी गेटजवळच्या सिमेंटच्या उंचवट्यावरून गाडी न घासता गेली, की काम झालं.

आज काट्यांवर तिच्या नवऱ्याची गाडी होती. लाल, दोन सीटची, पाच महिन्यांपूर्वी घेतलेली. ती तीत एकदाही बसली नव्हती. आधी कव्हर शिवायला टाकलं होतं, मग एसी बिघडला होता, मग तिचाच गुडघा.

भावाने शेजारच्या सीटवर पिशव्या ठेवायला सुरुवात केली. दहा, दहा, दहा, दहा, दहा. मग थांबला आणि हसला.

"ताई, तू डाएटवर आहेस की काय?"

"का रे?"

"दाजींनी फॉर्मवर बावन्न लिहिलंय. बायकोचं वजन चोरणारा पहिलाच नवरा बघितला. चांगला माणूस आहे."

ती फॉर्मपाशी गेली. चालक : ऐंशी. शेजारी : बावन्न. अक्षर नेहमीचं, टोकदार, घाईचं. किराणा आणायला सांगितला तर तांदूळ विसरून येणारा माणूस. पण गाडीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलत नसे.

"बावन्न तर मी लग्नातही नव्हते," ती म्हणाली.

"अंदाजे लिहिलं असेल गं."

"अंदाजाने माणूस पन्नास लिहितो. फार तर पंचावन्न." तिने फॉर्म पुन्हा पान्याखाली ठेवला. "बावन्न विचारून घ्यावं लागतं."

भावाचं हसू ओठांवरच राहिलं. हातातलं फडकं त्याने दोनदा उलटंसुलटं केलं.

"मी खोडतो ते. चौऱ्याहत्तर धरतो."

"गाडी कुणाची आहे?"

"ताई..."

"गिऱ्हाइकाने सांगितलं तेच धरायचं. तूच म्हणतोस ना सगळ्यांना?"

ती फळीपाशी गेली. छोट्या पिशव्यांमधून दोनाची शोधली, तिच्यावरची धूळ झटकली आणि पाच पिशव्यांच्या वर नीट ठेवली. मग वाकून पट्टाही लावला.

"हं. आवळ आता नट."

चारच्या सुमारास नवरा आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली उकिडवा बसला, चाक आणि पत्रा यांच्यात दोन बोटं घालून पाहिली. लहान मुलासारखा खुलला होता. मग त्याला ती दिसली.

"तू इथे?"

"पिशव्या द्यायला आले होते. घरीच निघालात ना? येते."

"तुला चढायला-उतरायला त्रास होईल. फार खाली आहे ती."

"बघू की."

एक हात दारावर, एक छतावर ठेवून ती हळूहळू आत उतरली. गुडघा कटकन वाजला. सीट पुढे ओढलेली होती. ती तिने मागे सारली नाही. नवऱ्याने गाडी सुरू केली आणि हळूच गेटकडे घेतली.

उंचवट्यावर गाडीच्या पोटाखालून खर्रकन आवाज आला.

त्याने ब्रेक दाबला. उतरून वाकून पाहिलं. मग मेहुण्याकडे वळला.

"अरे, घासली! एवढं मोजूनमापून घासते कशी?"

भाऊ पान्याला चिकटलेलं वंगण पुसत राहिला. त्याने वर पाहिलं नाही.

"त्याची चूक नाही," आतून ताई म्हणाली. "थांबा, मी उतरते."

उतरायला वेळ लागला. भाऊ धावत आला, पण हात न धरता ती उभी राहिली आणि दार हलकेच लावलं. नवरा तिच्याकडे बघत होता. मग त्याची नजर फळीजवळ ठेवलेल्या पिशव्यांकडे गेली, पाच मोठ्या आणि वर एक छोटी. तिथेच नजर अडकली.

"घ्या," ती म्हणाली. "आता गाडी काढून बघा."

तो आत बसला. गाडी उंचवट्यावर चढली, उतरली, रस्त्याला लागली. कुठेच लागली नाही.