हॅमर्सचा शेवटचा रविवार

आमच्या वेलंड गावच्या हॅमर्स या फुटबॉल संघाच्या जर्सी मी एकोणतीस वर्षं शिवल्या. मंगळवारी फाटलेल्यांचा खोका यायचा, शुक्रवारी मी शिवून परत करायचे. त्या डिसेंबरात खोका उघडला तर आत नव्या कोऱ्या बाहीपट्ट्या होत्या. हातोड्याचं चिन्ह आमच्याच संघाचं, पण खाली नाव 'रेड मेसा'. दीड हजार मैलांवरचं, वाळवंटातलं गाव.

मी संघाचं सामान सांभाळणाऱ्या लॉनीला फोन केला. तो म्हणाला, खोका चुकून आलाय, मालक अख्खा संघच तिकडे हलवणार आहेत, सोमवारी तसं जाहीर करतील, तोवर गप्प राहा.

मी तडक थोरल्या भावाकडे, काझकडे गेले. पोलाद कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस. सेहेचाळीस सालापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. ऐकून तो हसला.

"संघ काय गाय आहे वांडा, दावं सोडून न्यायला?"

मी पट्टी त्याच्या हातात ठेवली. कोबीचं सूप उतू जाऊन शेगडी विझली, तरी तो हलला नाही.

रविवारी घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना आम्ही जिंकलो. काझच्या शेजारी नेहमीप्रमाणे अर्ल डुप्री होता; तीस वर्षं दोघं एकाच बाकावर, एकाच थर्मासमधली कॉफी पीत आलेले. पुढच्या वर्षी करंडक आपलाच, असं अर्ल सारखा म्हणत होता आणि काझ मान डोलावत होता. माणसं आनंदात आहेत, त्यांचा आजचा दिवस कशाला नासवायचा, असं काझला वाटलं. मलाही ते पटलं होतं.

सोमवारी रेडिओवर बातमी आली. दुपारी काझ स्वतःच अर्लकडे गेला, मी सोबत होते. आपल्याला मंगळवारीच कळलं होतं, हे त्याने दारातच सांगून टाकलं.

अर्लचा आवाज चढला नाही. "तू डोळे भरून बघून घेतलंस," तो म्हणाला. "मी मात्र शेवटची दहा मिनिटं बाकी असताना उठलो. गाड्यांची गर्दी टाळायला."

त्याने दार लावून घेतलं. काझ तिथेच पायरीवर बसला. मी हाक मारली तरी उठेना. शेवटी मीही त्याच्याशेजारी बसले.