विहीर क्रमांक ४१७ची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली, पेन्सिलीने लिहून ओल्या फडक्याने पुसायची ती नव्हे. मी लोखंडी पत्र्याची, निळ्या एनॅमलची. माझ्या अंगावर पांढऱ्या ठसठशीत आकड्यांत ४१७ लिहिलेलं आहे आणि ते कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. आकाराने मी जेमतेम तळहाताएवढी आहे, पण तेवढ्यावरून मला कमी लेखू नका.

माझा मुक्काम पुलाउ उबीनला. सिंगापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. पण चांगीच्या धक्क्यावरून बमबोटीत, म्हणजे लहानशा लाकडी होडीत बसलात, की पंख्यासारखी फडफड करत ती तुम्हाला या बेटावर आणून सोडते. इथे लाकडी घरं आहेत, रानडुकरं आहेत आणि शनिवार-रविवारी सायकलवाल्यांची झुंबड आहे. नळ मात्र नाही. पाणी विहिरीचंच प्यावं लागतं. गावाला ग्रामपंचायत नाही की नगरपालिका नाही. एकेका गोष्टीचं एकेक कार्यालय, आणि तीही सगळी पाण्यापलीकडे.

माझा जन्मही पलीकडचाच. एका कारखान्यात मला पत्र्यातून कापलं, रंगाची पूड चढवली आणि भट्टीत घातलं. तेव्हा वाटलं, संपलं आपलं. बाहेर आले ती चकचकीत होऊन. त्या काळी बेटावर खराब पाण्याने माणसं आजारी पडायची, म्हणून आरोग्य खात्याने प्रत्येक विहिरीला क्रमांक दिला होता. मला कम्पाँगच्या, म्हणजे इथल्या वाडीच्या, विहिरीशेजारी एका खांबावर ठोकलं. खात्याचा माणूस बोटीने यायचा, माझा आकडा मोठ्याने वाचायचा, बाटलीत पाणी भरून न्यायचा आणि विहिरीत औषध टाकायचा. वाडीतली मुलं माझ्यावर बोट फिरवून आकडे शिकली. बाया म्हणायच्या, चारशे सतराचा चहा वेगळाच लागतो. मी फुशारून जायचे. पाणी विहिरीचं होतं हे मला कळत होतं, पण नाव तर माझं घेतलं जात होतं ना!

विहीर उपसायची पाळी घराघराने ठरलेली होती. ज्याची पाळी, त्याने पुढे व्हायचं आणि बाकीच्यांनी हाताला हात लावायचा. मलय लोक याला गोतोंग-रोयोंग म्हणतात. गाळ काढून झाला की सगळे तिथेच बसून भात खायचे. ते दिवस मला फार आवडायचे.

मग एकेक घर रिकामं झालं. कुणाला पलीकडे फ्लॅट मिळाला, कुणाची मुलं न्यायला आली. खात्याचा माणूस यायचा बंद झाला. माझा खांब वाळवीने खाल्ला आणि एके दिवशी मी चिखलात पडले. मागे एकच घर उरलं, रोकियाचं. तिला सगळे माकचिक म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. तिच्या नवऱ्याने मला उचललं, धुतलं, आणि मी सुखावते न सुखावते तोच कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकून टाकलं! घोरपडीने तिथे भोक पाडलं होतं. आकड्याची बाजू आत, कोंबड्यांकडे. मला भयंकर राग आला. पण एक सांगते, मी तिथे लागल्यावर घोरपड पुन्हा कधी आत शिरली नाही. काम ते काम.

नवरा वारला तरी माकचिक बेट सोडेना. तिचा मुलगा हाफिझ पलीकडे, पुंगोलला राहतो. त्याने फ्लॅटमधली एक खोली आईसाठी रंगवूनसुद्धा ठेवली होती. ती जायची, नातवंडांचे लाड करायची आणि दोन दिवसांत परत यायची. इथे चूल आपली, झाडं आपली, पाणी दारात. तिचं म्हणणं एवढंच होतं.

आणि नेमकं पाण्यावरच गंडांतर आलं. पायवाट रुंद करून सायकलवाल्यांसाठी विसाव्याची जागा करायचं ठरलं. विहीर माकचिकच्या कुंपणाच्या जरा बाहेर, वाटेला लागून. एखादं मूल पडेल म्हणून ती वाळूने बुजवायची, अशी नोटीस लागली. या विहिरीची जुनी नोंद कुणाकडे असेल, तर महिनाअखेरपर्यंत दाखवावी, असंही त्यात होतं. माकचिककडे घराचा परवाना होता. विहिरीचा कागद कधी कुणी दिला नव्हता आणि कुणी मागितलाही नव्हता. विहीर गेली तर तिला पुंगोलच्या त्या रंगवलेल्या खोलीत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खुराड्यावरून हे सारं ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. नोंद हवी? अरे, मी इथेच आहे! पण पाटीला तोंड नसतं.

आता उद्धवरावांची ओळख करून देते. हे हाफिझचे शेजारी. त्यांची मुलगी मैत्रेयी पाया लेबारला एका कंपनीत आयटी मॅनेजर आहे. ते पुण्याहून लेकीकडे राहायला आले होते. सगळी नोकरी त्यांनी भूमी अभिलेखात मोजणीदार म्हणून काढली. इमारतीखाली बाकावर बसल्या बसल्या हाफिझकडून त्यांना विहिरीचं कळलं आणि पुढच्याच रविवारी ते लेकीला घेऊन माकचिकच्या अंगणात हजर झाले. काखेत फाइल, डोक्याला टोपी. आल्या आल्या त्यांनी विचारलं, इथला तलाठी कुठे बसतो?

मैत्रेयीने कपाळाला हात लावला. बाबा, इथे तलाठी नसतो, ती म्हणाली. मग माहिती अधिकारात अर्ज टाकू, ते म्हणाले. तो कायदाही इथे नाही, रीतसर विनंती करायची आणि वाट पाहायची, असं तिने सांगितलं. पण गावाला कागद नाही ही गोष्ट उद्धवरावांच्या डोक्यात शिरतच नव्हती. ते म्हणाले, “माणूस राहिला म्हणजे कागद झाला. आपल्याला फक्त तो कुणाच्या कपाटात आहे ते शोधायचंय.”

मला हा माणूस तिथेच आवडला.

झालं, अर्ज सुरू झाले. उद्धवराव मजकूर सांगायचे, वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ असल्याशिवाय त्यांचं पान पुढे सरकत नसे. मैत्रेयी तो एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून इंग्रजीत करायची आणि पाठवायची. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. पण उत्तरं मात्र चटचट यायची. याचाच उद्धवरावांना त्रास. नकार द्यायला आमच्याकडे वर्ष लागतं, म्हणायचे, तेवढ्यात माणसाला तयारी तरी करता येते. प्रत्येक उत्तरात एकच ओळ असायची, जमीन सरकारची आहे.

तिसऱ्या रविवारी मिस टान नावाच्या तरुण अधिकारीबाई विहिरीची पाहणी करायला बेटावर आल्या. उद्धवरावांनी त्यांच्यापुढे सगळी फाइल उघडली. बाईंनी खरोखर लक्ष देऊन ती चाळली आणि शेवटी म्हणाल्या, “अंकल, यू ऑलवेज आस्क हू ओन्स. आस्क हू टूक केअर, लाह.”

मालक कोण हे विचारू नका, सांभाळलं कुणी ते विचारा. उद्धवरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जन्मभर सातबारा हाताळलेला माणूस तो. कागद म्हटला की पहिला प्रश्न मालकीचा, दुसरा प्रश्नच त्यांना माहीत नव्हता. सगळे अर्ज त्यांनी त्याच एका प्रश्नावर खर्च केले होते. इथे तर कुणाच्याच नावावर काही नव्हतं, मग उत्तर दुसरं काय येणार?

मिस टान यांनी आणखी एक सांगितलं. आरोग्य खात्याच्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत, पण त्या गावाच्या किंवा माणसाच्या नावाने सापडत नाहीत. विहिरीला क्रमांक असायचा, तो लागेल. माकचिक आठवू लागली. चारशे काहीतरी होतं, ती म्हणाली. बाईंनी मान हलवली, अंदाजाने मागता येणार नाही. मी चार हातांवर होते, मित्रांनो! माझ्या आकड्याकडे त्या वेळी एक तांबडी कोंबडी टक लावून पाहत होती. ती काही बोलली नाही.

बाई गेल्या. महिना संपत आला होता. माकचिकने भांडी एका खोक्यात भरायला काढली. मैत्रेयी हळूच म्हणाली, बाबा, आपल्याकडून झालं तेवढं केलं, आता पुरे. उद्धवराव उठले, टोपी घातली आणि अंगणातून फिरू लागले. पायरीखालचा दगड उचलून पाहिला. पाण्याच्या पिंपाचं झाकण उलटं केलं. मासे कापायची फळी मागच्या बाजूने पाहिली. मैत्रेयीला वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

“अगं, हद्दीचा दगड कधी हरवत नाही,” ते म्हणाले. “मोजणीला गेलो की मी आधी शेतात बघायचोच नाही. शेजारच्या मोरीत बघायचो. हमखास त्याच्यावर कुणीतरी कपडे आपटत असायचं.”

आणि ते खुराड्यापाशी आले. वाकले. गुडघा दुखला असावा, कारण ते आई गं म्हणाले. त्यांनी हात आत घातला, तांबडी कोंबडी चोच मारायला धावली, आणि त्यांचं बोट माझ्या अंगावरून फिरलं. चार. एक. सात. किती काळाने कुणीतरी मला वाचत होतं! मला रडता आलं असतं तर रडले असते. बरोबर आलेल्या हाफिझने खिळे काढले, माकचिकने पदराने मला पुसलं, म्हणजे तिच्या डोक्यावरच्या तुडुंगच्या टोकाने. ती पुटपुटली, नवरा असाच होता, कुठलीच गोष्ट टाकायचा नाही. मग खोक्यातली भांडी तिने एकेक करून पुन्हा फळीवर लावली. अजून कशाचाच पत्ता नव्हता, तरी लावली.

त्या दिवशीचा अर्ज दोन ओळींचा होता. विहीर क्रमांक ४१७ची देखभाल कोण करत असे, याची नोंद पाहायला मिळावी. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ उद्धवरावांनी स्वतःच खोडले.

नोंद मिळाली. ती घेऊन मिस टान शेवटच्या दिवशी स्वतः आल्या. अंगणात खुर्च्या मांडल्या. मला टेबलावर ठेवलं होतं, अगदी मध्यभागी. बाईंनी वाचून दाखवलं. विहीर सामाईक, वाडीतल्या सगळ्या घरांची, उपसायची पाळी घराघराने.

सामाईक हा शब्द कानावर पडताच उद्धवरावांनी डोळे मिटले. त्यांच्या जगात सामाईक म्हणजे सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. वाडीतली निम्मी माणसं वारलेली, बाकीची सिंगापूरभर पांगलेली. तरी त्यांनी फाइल उघडली. वारस शोधू, म्हणाले, मी एकेकाच्या दारात जाईन, माझा इथे राहायचा पास अजून आहे. मैत्रेयीने ते भाषांतर करायला तोंड उघडलं, पण माकचिकने हाताने थांबवलं.

तिने विचारलं, विहीर माझी आहे असं कागदात नाही ना? नाही, बाई म्हणाल्या. ते बरोबर आहे, माकचिक म्हणाली, ती माझी नव्हतीच कधी.

उद्धवराव चपापले. मिस टान यांनीही क्षणभर कागद खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, विहीर कुणाच्या मालकीची आहे हे मला लिहायचंच नाही. ती वापरात आहे का आणि तिची जबाबदारी कुणाकडे आहे, एवढंच मला हवं आहे. जबाबदार माणूस असेल तर झाकण बसवून ती राहू शकते. या कागदाप्रमाणे जबाबदारी पाळीने फिरते. त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, “आता पाळी कुणाची?”

एक घर गेलं तेव्हा त्याची पाळी माकचिकने आणि तिच्या नवऱ्याने उचलली होती. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. आपण कधी सगळ्यांच्या पाळ्या करू लागलो हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दरवर्षी रमजानच्या आधी ती गाळ काढायची, आधी नवऱ्याबरोबर, नंतर हाफिझला बोलावून. मी खुराड्यावरून ते पाहिलेलं आहे. तिने उपकार केल्याचा आव कधी आणला नाही. गेलेल्या शेजाऱ्यांना नावंही ठेवली नाहीत.

“माझीच,” ती म्हणाली.

मिस टान यांनी लिहून घेतलं.

विहीर राहिली. तिला जाळीचं झाकण बसलं आणि मी नव्या खांबावर आले, आकडा बाहेरच्या बाजूला करून. हाफिझच्या फ्लॅटमधली ती खोली आता त्याच्या मुलीला अभ्यासाला दिली आहे. यंदा गाळ काढायला तो आला, मैत्रेयी आली आणि उद्धवराव पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. उपयोग कमी आणि सूचना जास्त, पण आले. काम झाल्यावर सगळे तिथेच बसून भात जेवले. पुढच्या वर्षी कुणाची पाळी, असं माकचिकने विचारलं तेव्हा तीन हात एकदम वर झाले.

मित्रांनो, उबीनला सायकल चालवायला आलात तर माझ्यापाशी जरूर थांबा. तहान लागली असेल तर माकचिकला विचारा, ती पाणी उकळून देते. आपल्या आसपासची एखादी विहीर, एखादं झाड, एखादी वाट कुणाची आहे हे विचारून गप्प बसू नका. तिला सांभाळतं कोण ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. कुणीच सांभाळत नाही असं कळलं, तर पाळी तुमची आहे. आणि आत डोकावून झाल्यावर झाकण नीट लावून जा.