कुठला रस, ते आधी विचारा

मी प्रश्नावली बोलतेय. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले, आज माझं ऐका. मध्ये बोलायचं नाही.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा, वागळे इस्टेटमधल्या सायक्लोस्टाइलच्या दुकानातला. माझे वीस प्रश्न आधी इंग्रजीत होते. कुणा शहाण्याने डिक्शनरी मांडीवर घेऊन ते मराठीत आणले. ‘आपणांस’, ‘दैनंदिन’, ‘वाटते काय’ असलं सगळं माझ्या अंगावर गोंदवलं. मीही मिरवले. माणसाचं दुःख मी आकड्यात सांगते म्हणून डॉक्टर मला मान द्यायचे. जितके गुण जास्त तितका आजार जास्त. शाळेच्या उलटं.

कल्याणच्या एका लहानशा मनोरुग्णालयात माझा गठ्ठा आला. तिथे चंद्रभागा होती, कळव्याची कोळीण. धाकटं पोर गेलं तेव्हापासून तिने बोलणंच टाकलं होतं. चार महिन्यांत सुधारली. जेवायला लागली, आयांची नक्कल करायला लागली. तरी नवरा दामाजी तिला न्यायचं नाव काढेना. “कागद सांगेल तेव्हा नेईन,” एवढंच म्हणायचा. कागद म्हणजे मी. गुण दहाच्या आत आले तर घर, नाहीतर तीच खाट.

प्रश्न विचारायला शालू मॅडम, डोंबिवलीच्या, नोकरीला नव्या. त्यांनी स्वच्छ वाचलं, “दैनंदिन गोष्टींत आपणांस रस वाटतो काय?”

चंद्रभागा म्हणाली, “नाय बाय. रस नको. मना सुकाच बरा.”

मॅडमनी लिहिलं, रस नाही. तीन गुण.

“भविष्याबद्दल आशा वाटते काय?”

“भविष्य मी बघतच नाय. सांगणारे समदे लबाड.”

आणखी तीन. वीसही प्रश्नांची बेरीज चौदा.

बायजा आया तिथेच फरशी पुसत होती. ती हसत सुटली. म्हणाली, “मॅडम, ती कालवणाचं बोलतेय.” फडकं टाकून ती चंद्रभागेसमोर उकिडवी बसली. “चंदे, बाजारात बसायला हात शिवशिवतात का गो?”

मग चंद्रभागा थांबेचना. कोयता गंजला असेल, जागेवर दुसरी कुणी बसली असेल, लेक मालूला म्हावरं कापायला शिकवायचं राहिलंय, यंदा तिला बाजारात शेजारी बसवायचीय. बोलता बोलता रडली, पण बोलायची थांबली नाही.

शालू मॅडमचे कान लाल झाले. त्यांनी सहा गुण खोडले. उरले आठ.

दामाजी आला. मला उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, खाडाखोडीचा कागद चालत नाही. मॅडम काही बोलणार, तोवर चंद्रभागाच उठली.

“आन इकडं. हेच वीस प्रश्न तुना पुसते. बघू तुझे किती भरतात.”

दामाजीने तिचं गाठोडं उचललं.

याला दहा वर्षं झाली. आता मी कपाटाच्या तळाला, पाठीवर धोब्याच्या चादरींचा हिशोब. नव्या कागदावर ‘हात शिवशिवतात का’ छापलंय. बायजाचं नाव कुठे नाही, ते मला डाचतं. मला खुशाल रद्दीत घाला. मी चुकले होते, चंद्रभागा नव्हे, हे मी रद्दीतूनही सांगेन. आणि कुणी बाई रस नाही म्हणाली, तर पेन खाली ठेवा. आधी विचारा, कुठला रस?