खंडेनवमीचं भाषण

दिघीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये योगिनी रोज मोबाईलवर अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट घोकायची. कॉन्ट्रॅक्टवरून कायम व्हायचं तर इंग्रजी भारी पाहिजे, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली आणि नव्या साहेबांनी इंग्रजीत भाषण ठोकलं. बोलता बोलता ते 'रिडंडंट' म्हणाले, तसे योगिनीचे कान टवकारले. शब्द तिनं परवाच पाठ केला होता. ज्याची गरज उरली नाही, असा. साहेबांच्या सांगण्याप्रमाणे दिवाळीनंतर रोबोट येणार होते आणि गरज उरणार नव्हती ती योगिनीच्या अख्ख्या लाइनची. साहेब हसून थांबले. दरवर्षीसारख्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढं मेलं घोकलं, ते ह्याच्यासाठी.

"काय म्हणले गं साहेब?" लाइनवरच्या सगळ्यात जुन्या मंजुळाबाईंनी विचारलं.

योगिनीची जीभ रेटेना. "सणाच्या शुभेच्छा दिल्या, मावशी."

"देवमाणूस आहे बघ," मंजुळाबाई म्हणाल्या. मशिनीपुढच्या ताटातला पेढा त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवला आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या.