चाळीस घागरी

आनंदाबाईंचे कान गेले त्याला बारा वर्षं झाली होती. हिवताप आला, कडू गोळ्यांचा मारा झाला, आणि ताप उतरला तो कान बरोबर घेऊनच उतरला. तेव्हापासून अण्णाजीबुवांच्या घरात गुपित म्हणून काही उरलं नाही. भाजीत मीठ कमी आहे एवढं बुवांनी बायकोला सांगितलं, की शेजारची शोभाबाई मिठाची वाटी घेऊन दारात उभी.

"घ्या बुवा. साऱ्या गल्लीनं ऐकलं, फक्त बाईनंच नाई ऐकलं."

पण एक जागा अशी होती, जिथं बुवा साध्या आवाजात बोलले तरी आनंदाबाईंना ऐकू येई. ती म्हणजे कीर्तन पाठशाळेचं सभागृह.

सिंदी स्टेशनापासून कोसभर अंतरावर महादेवबुवांनी ही पाठशाळा बांधली, तेव्हा भोवती नुसती कापसाची पऱ्हाटी होती. जाड मातीविटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर कौलं. गावोगावची पोरं इथं राहून कीर्तन शिकत. पुढं भोवतालची शेतं जाऊन तिथं विद्यापीठ आलं. पाण्याची टाकी आली, वसतिगृहं आली, काचेच्या खिडक्यांचं ग्रंथालय आलं, आणि त्यांच्या मधोमध पाठशाळा राहिली, लग्नघरात म्हातारी आत्या कोपरा धरून बसावी तशी. महादेवबुवा गेले. अण्णाजी गादीवर उभे राहू लागले. आता तेही सत्तरी ओलांडून गेले होते आणि विद्यार्थी उरले होते अकरा.

संध्याकाळी पोरं जेवायला गेली, की आनंदाबाई पदर सावरत यायच्या आणि शेवटच्या खांबाला पाठ टेकून बसायच्या. बुवा गादीवरून ओवी म्हणायचे. कीर्तनातली नव्हे, तर आनंदाबाईंच्या माहेरची, जात्यावरची. तीन चरण बुवांचे, चौथा बाईंचा.

*दिवस कलंडला, गायी आल्या गोठ्याला,*
*दिवा लाव उंबऱ्याला...*

आणि खांबाजवळून, जरा जास्तच मोठ्यानं, उत्तर यायचं:

*वाट दिसू दे.*

बारा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. आनंदाबाई म्हणायच्या, "महादेवबुवाची पुण्याई आहे जी. या जागेत देव कान देते."

बुवा मान हलवायचे. खरं काय ते त्यांना एकट्याला ठाऊक होतं.

पाठशाळा बांधली तेव्हा अण्णा सोळा वर्षांचा. महादेवबुवांनी अल्लीपूरच्या कुंभाराकडून बैलबंडी भरून घागरी आणवल्या, पोरांना पाणी प्यायला म्हणून. मग एका दुपारी, सारं गाव कापूस वेचायला गेलेलं असताना, त्यांनी एकेक घागर तोंडाशी धरून फुंकली, कान देऊन ऐकली, काही बाजूला सारल्या, काही अण्णाच्या हातात दिल्या. गवंडी परांचीवर बसला होता. दोन्ही भिंतींत, वाशांच्या खाली, वीस-वीस घागरी चुन्यात आडव्या बसल्या. बाहेर दिसायला फक्त मुठीएवढं भोक. परांचीचे बांबू खोवलेली भोकं राहतात ना जुन्या भिंतीत, अगदी तशीच. गादीवरून निघालेला आवाज त्या घागरींत शिरायचा आणि गोल होऊन सगळ्या सभागृहात फिरायचा.

काम झाल्यावर महादेवबुवांनी अण्णाच्या डोक्यावर हात ठेवला होता. "घागर दिसली का माणसाले सोनं दिसते, बापू. भिंत फोडतीन लोकं. माही आन आहे तुले, हे कोणाले सांगू नोको."

गवंडी कधीच वारला. महादेवबुवा वारले. अण्णाजींनी पंचावन्न वर्षं बायकोलाही सांगितलं नाही.

छप्पर मात्र गळत होतं. इमारत आता विद्यापीठाच्या ताब्यात होती. नऊ वर्षं बुवांनी विद्यापीठाला अर्ज केले, स्वतःच्या हातानं, 'गळती थांबवावी ही विनंती'. एक्क्याऐंशी साली काम मंजूर झालं तेव्हा बुवांनी अकरा पोरांना गूळ वाटला. विद्यापीठाचे नवे इंजिनिअर कृष्णकांत साहेब आले. तरुण, पुण्याला शिकलेले, चप्पल बाहेर काढून आत येणारे. बुवांना ते आवडले. साहेबांनी कामाची यादी वाचून दाखवली.

"कौलं बदलणे. वासे बदलणे. सिमेंटचा गिलावा. रंगाचे दोन हात. परांचीची जुनी भोकं बुजवणे, चाळीस." साहेबांनी कागद पुढं केला. "पाठशाळेतर्फे तुमची सही लागेल, बुवा. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा. नंतर बदलता येत नाही."

बुवांच्या हातातलं पेन थांबलं. डोक्यावर तो हात आला, सोळाव्या वर्षी आला होता तसा, चुन्यानं माखलेला. आन देणाऱ्यानंच 'सुटली' म्हणावं लागतं. देणाऱ्याची तर राख झाली. आणि बुवांच्या मनात हेही आलं, की आपण घागरींना मानतो, पण आनंदाबाईच खरी असली तर? पुण्याईच असली तर? भोकं बुजवल्यानं पुण्याई थोडीच बुजते!

त्यांनी सही केली.

आठ दिवसांत छप्पर उतरून नवं चढलं. मग हिंगणघाटचे लक्ष्मण मिस्त्री परांचीवर चढले आणि दक्षिणेची भिंत धरली. वीस भोकांत सिमेंट कोंबलं, वरून गुळगुळीत गिलावा ओढला. शुक्रवारी संध्याकाळी कामकरी गेल्यावर आनंदाबाई रेतीच्या ढिगाला वळसा घालून खांबाशी येऊन बसल्या. बुवांनी ओवी म्हटली. त्या थांबल्या. कानावर हात धरला.

"घसा बसला काय जी तुमचा? थोडं मोठ्यानं म्हणा नं."

बुवांनी पुन्हा म्हटली. बाई उठल्या, एक खांब पुढं येऊन बसल्या. "आता म्हणा."

तिला सांगावं असं बुवांना फार वाटलं. पण सांगणार कुठं? घरी सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. आणि जिथं हळू बोलता यायचं तीच जागा आता बहिरी होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते महादेवबुवांच्या समाधीपाशी गेले. पागोटं काढून पायरीवर ठेवलं. "बुवा, तुमची आन मोडून राह्यलो. पाप मले लागू द्या." मग तसेच, ओल्या धोतरानं, सभागृहात आले आणि परांचीखाली उभ्या असलेल्या साहेबांना सगळं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. "लक्ष्मणराव, उत्तरेकडचं एक भोक जरा मोठं करा बघू. हलक्या हातानं."

मिस्त्रींनी छिन्नी लावली. चुना पिठासारखा झडला आणि आत घागरीचा काळा गळा दिसला. चाळीस-पंचेचाळीस कामकरी माना वर करून पाहत होते.

"हंडा आहे वं!" रेती चाळणारी रुख्माबाई म्हणाली.

साहेबांनी शिडीवर चढून आत हात घातला. कुंभारमाशीचं मातीचं घर तेवढं हाती लागलं. "काही नाही रे आत," त्यांनी सगळ्यांना दाखवलं. मग बुवांकडे वळून हळूच म्हणाले, "काम थांबवतो. सोमवारी वरिष्ठांशी बोलतो. ही भिंत तरी वाचवू."

माणूस भला. पण जाता जाता त्यानं दोन गोष्टी केल्या. धूळ-पाखरू शिरू नये म्हणून त्या भोकावर गोणपाट ठोकलं आणि दाराशी एक चौकीदार बसवला.

गोणपाट आणि चौकीदार! रिकाम्या घागरीला कोणी चौकीदार बसवतं काय? रविवारी सिंदीच्या बाजारात मिरच्या-कांद्यांबरोबर तीच गोष्ट विकली जात होती. दुपारपर्यंत एका घागरीचे वीस हंडे झाले, संध्याकाळपर्यंत त्यांत मोहरा आल्या. शोभाबाईनं कुंपणावरून विचारलं, "काऊन बुवा, आमालेही दाखवा नं एखादी मोहर!"

सोमवारी उजाडता बुवा सभागृहात गेले. उत्तरेच्या भिंतीत वीस भगदाडं पडली होती. खाली फरशीभर खापऱ्या. काही गळे तेवढे शाबूत राहिले होते, गोल, काळे, बांगड्यांसारखे. घेऊन जाण्याजोगं काही नव्हतंच, म्हणून कोणी काही नेलं नव्हतं.

चौकीदार हात जोडून उभा होता. "च्या प्याले गेलतो जी. थोडाच वेळ."

साहेब आले. खापऱ्यांतला एक गळा उचलून पाहिला. "बुवा," ते म्हणाले, "सहीच्या दिवशी बोलला असतात, तर यादीतली एक ओळ खोडायची होती फक्त."

"हाव साहेब."

"इकडच्या भिंतीतल्या निघतील का, लक्ष्मणराव?"

मिस्त्रींनी दक्षिणेच्या भिंतीवर हात फिरवला. "सिमेंटानं घागर धरली आता. छिन्नी मारली का फुटलीच समजा."

"मग नव्या बसवू," साहेब म्हणाले. "सांगा बुवा, कोणत्या, कुठं? मी माझ्या जबाबदारीवर करतो."

बुवांना ती दुपार आठवली. कोणती घागर कुठं हे महादेवबुवा फुंकून ठरवायचे. अण्णानं त्या दुपारी नुसते हात दिले होते, कान दिला नव्हता. बाजूला सारलेल्या घागरी कशानं नापसंत झाल्या, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. सोळा वर्षांचं पोर ते. तहान लागली होती त्याला, कधी एकदा काम संपतं असं झालं होतं.

"मले नाई येत, साहेब," बुवा म्हणाले.

भगदाडं विटांनी भरली गेली. वरून सिमेंट, वरून फिकट निळा रंग. दसऱ्याला उद्घाटन झालं. विद्यापीठातली मोठी माणसं आली, ध्वनिक्षेपक लावला. बुवांनी गणपतीचं नमन केलं ते त्या लोखंडी कर्ण्यातून ग्रंथालयापर्यंत ऐकू गेलं म्हणे. आनंदाबाई शेवटच्या खांबाशी बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "भुंगा शिरल्यावानी झालं कानात. तुमचं म्हणणं संध्याकाळी ऐकन."

संध्याकाळ झाली. मंडप सोडून न्यायला आलेली माणसंही गेली. छप्पर गळत नव्हतं, भिंती लखलखत होत्या, नव्या रंगाचा वास कोंडला होता. आनंदाबाई आपल्या खांबाला टेकल्या, पदर नीट केला आणि बुवांच्या तोंडाकडे पाहू लागल्या. पूर्वी त्या डोळे मिटून बसत.

बुवांनी म्हटलं:

*दिवस कलंडला, गायी आल्या गोठ्याला,*
*दिवा लाव उंबऱ्याला...*

आवाज ओठांपाशी पडला. भिंतीला लागला आणि तिथंच राहिला. आनंदाबाईंच्या कपाळावर आठी आली, मग गेली. चेहरा उजळला आणि त्यांनी मोठ्यानं उत्तर दिलं:

*काढ रे सख्या.*

हा चरण दुसऱ्या ओवीचा होता.

बुवांनी गादीवरून नव्या भिंतींकडे पाहिलं, वर वाशांखाली पाहिलं, जिथं आता काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी ओठ स्पष्ट हलवत, सावकाश सुरुवात केली:

*कापूस वेचिला, पदर भरला,*
*काटा बोटी रुतला...*

आनंदाबाई हसायला लागल्या. "एकच ओवी दोनदा काऊन म्हणून राह्यले जी? आताच तं म्हटली! भुलले काय?"

बुवांनी मान डोलावली. भुललो.

"वय झालं तुमचं," आनंदाबाई म्हणाल्या, आणि चौथा चरण पुन्हा एकदा म्हणून टाकला.