भीमराजची गल्ली

भीमराजला जाऊन महिना होत आला, तेव्हा कांताबाई दारव्ह्याला छोट्या रुळांच्या गाडीत बसली आणि मुर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरला उतरली. साल एकसष्टचं. तिथल्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला म्हणून लागलेला तिचा एकुलता एक पोरगा चार दिवसांच्या तापानं गेला होता. तार पोचेपर्यंत मातीही उरकली होती.

त्याच्या जोडीचा सांधेवाला गुलाबसिंग, दिग्रसकडचा, तिला घ्यायला आला. हातात भीमराजच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

"ते मंग दे बापू. आधी माह्या पोराचं गाव दाखव."

परकोटाच्या उंच दगडी दरवाजातून दोघं आत शिरली. जुन्या पेठेत सज्जे एकमेकांकडे झुकलेले, घराघरांतून मागांची खटखट. कांताबाई प्रत्येक दुकानाशी थांबे. "इथं चहा पेत होता?" गुलाबसिंग होकारार्थी मान हलवी. पुढं पुढं तो मानही हलवेना.

एका गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब होता. ती एकदम थबकली.

"हेच घर! पहिल्याच चिठ्ठीत लिव्हलं होतं त्यानं. निंबापाशी माडीवर खोली भेटली म्हने."

गुलाबसिंग खाली पाहू लागला. ओट्यावर एक बाई तूर पाखडत होती. कांताबाईनं तिलाच विचारलं.

"रेल्वेतला तो पोरगा होय? आलता पाहाले," बाई म्हणाली. "मालकानं हो म्हनलं होतं. मंग जात इचारली. यानं 'बौद्ध' सांगतलं." ती पुन्हा सूप हलवू लागली.

"मंग राह्यत कुठी होता तो?" कांताबाईनं गुलाबसिंगला विचारलं.

त्यानं तिला परत स्टेशनावर नेलं. रेल्वेच्या चाळीमागं कंदील ठेवायची खोली होती. घासलेटाचा वास, लाल-हिरव्या काचा, आणि मधे जेमतेम एका माणसापुरती जागा.

"पेठेत कोनंच खोली देल्ली नाई. चाळीत पक्क्या नोकरांचेच नंबर लागत. दीड वर्स इथंच निजला."

"मले काहून नाई सांगतलं रे त्यानं?"

"म्या म्हनलं, लिही. तर म्हने, माय तिथं आनंदात हाये, राहू दे."

कांताबाई त्या जागेवर बसली. जमीन हातानं चाचपली. डोळे कोरडेच होते.

"शेवटी पानी कोनं पाजलं?"

"म्या. डोकं माह्या मांडीवर होतं, बाई."

तेव्हा तिला हुंदका फुटला, आणि मग आवरेना. दुपारच्या गाडीची वेळ झाली तसा गुलाबसिंग झेंडी घेऊन गेला, गाडी रवाना करून परत आला. ती तशीच रडत होती. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"दीड साल मी गावभर सांगत फिरली," ती म्हणाली, "माह्या पोराची माडी हाये म्हनून."