आर्थरची आई

अथर्वच्या खोलीतलं सामान बांधून झालं, तरी चारुताताईंच्या परतीच्या विमानाला अजून आठवडा होता. जानेवारीत अमेरिकेतल्या ॲन आर्बरजवळच्या हायवेवर बर्फावरून गाडी घसरली आणि पीएच.डी. करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. तेव्हा व्हिसा वेळेत मिळाला नाही. त्याचं सगळं इथे राहणाऱ्या धाकट्या बहिणीनं, अस्मितानं, आणि तिच्या नवऱ्यानं केलं. आता जुलैत त्या आल्या होत्या आणि अस्मिताच्या घरात बसून अथर्वच्या स्वेटरांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या.

"ताई, उद्या कुठेतरी जाऊ या," अस्मिता म्हणाली.

"तुम्ही जा गं."

पण अस्मिताच्या दहा वर्षांच्या लेकीनं, अनुष्कानं, त्यांचा हात धरला. "मावशी, प्लीज. पायोनियर व्हिलेज! दादा टुक मी देअर." अथर्वनं तिला तिथे नेलं होतं, एवढ्यावर चारुताताई तयार झाल्या.

जंगल तोडून या भागात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्यांची लाकडी घरं ठिकठिकाणांहून उचलून आणून एका माळावर मांडली होती. शाळा, चर्च, दुकान. लांब झगे घातलेल्या बायका लोणी घुसळून दाखवत होत्या. प्रसाद, अस्मिताचा नवरा, फोटो काढत होता. चारुताताई प्रत्येक दारात जरा थांबत आणि पुढे निघत. अथर्वला इथे काय आवडलं असेल, तेवढंच त्या शोधत होत्या.

लोहाराच्या भट्टीपाशी चामड्याचा एप्रन घातलेला एक म्हातारा उभा होता. अनुष्काला बघून त्यानं हातोडा खाली ठेवला.

"तू आर्थरची बहीण ना? तुला मी खिळा करून दिला होता!"

"अथर्व," अनुष्कानं सुधारलं.

"तेच ते. माझी जीभ वळेना, म्हणून तोच म्हणाला, आर्थर म्हणा."

"तो इथे येत होता?" अस्मितानं विचारलं.

"दर शनिवारी. माझा भाता ओढायचा. नंतर नंतर ऐरणीवरही हात चालायला लागला."

अस्मितानं बहिणीला मराठीत सांगितलं. चारुताताईंना नीट उमजेना. शनिवारी अथर्व फोन उचलत नसे. लॅबमध्ये होतो म्हणायचा.

"ही त्याची आई," अस्मिता म्हातार्‍याला म्हणाली.

म्हातार्‍यानं हात एप्रनला पुसून पुढे केला. "मी वॉल्टर. तुम्ही त्याला उजव्या हातानं जेवायला लावलंत ना? सांगून हसायचा. हातोडा मात्र डाव्याच हातात! कसा आहे तो? हिवाळ्यात आम्ही बंद असतो. मे महिन्यात उघडल्यापासून वाट बघतोय. डिग्री मिळाली वाटतं? न सांगता गेला, रागावलोय मी त्याच्यावर."

अस्मितानं तोंड उघडलं, तोच चारुताताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको. बोलू दे त्यांना."

प्रसाद अनुष्काला हळूच बाहेर घेऊन गेला. वॉल्टर बोलत राहिला, अस्मिता मराठीत सांगत राहिली. आर्थर किती हट्टी आहे, वाकडा झालेला लोखंडी आकडा कसा फेकून देत नाही, लहान मुलं आली की भूगोलाच्या मास्तरसारखा कसा समजावून सांगतो. चारुताताई मान डोलावत होत्या, मध्येच हसतही होत्या. त्यांचं हसणं अस्मिता या खेपेला पहिल्यांदाच बघत होती.

"त्याला सांगा," निघताना वॉल्टर म्हणाला, "नोकरी कुठेही असू दे, एकदा येऊन जा. भट्टी पेटवली की मी दाराकडेच बघत असतो."

"येस, येस," म्हणत चारुताताई बाहेर आल्या आणि चर्चजवळच्या बाकावर बसल्या.

"नाही सांगितलंस, बरं केलंस," अस्मिता म्हणाली. "त्यांना कुठे कळणार आहे?"

"इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी 'तो आहे' म्हणत होतं गं. वाटलं, आहेच कुठेतरी." त्यांनी भट्टीकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "पण तो म्हातारा दाराकडे बघत बसेल." आणि उठल्या.

"मी येते. तुला इंग्रजीत…"

"तेवढं इंग्रजी येतं मला."

अस्मिता रस्त्यावरूनच बघत राहिली. भट्टीपुढची माणसं पांगेपर्यंत ताई भिंतीशी उभ्या होत्या. मग पुढे होऊन काहीतरी बोलल्या. वॉल्टरनं कान पुढे केला. त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी मोठ्यानं: "आर्थर. माय सन. ही इज नो मोर."

वॉल्टर मागच्या ओंडक्यावर बसला आणि त्यानं तोंड हातांत लपवलं. जानेवारीपासून जो तो चारुताताईंच्या पाठीवर हात ठेवत आला होता. आता त्या एका परक्या माणसाची पाठ थोपटत उभ्या होत्या. पर्यटकांचा नवा घोळका आला, तेव्हा त्यानं नुसता हात हलवून त्यांना परत पाठवलं.

बऱ्याच वेळानं त्या परतल्या. ओढणीला काजळी लागली होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही. रडलो दोघं."

गाडी हायवेला लागली. अनुष्का मावशीला टेकून झोपून गेली.

"अस्मिता, जायच्या आधी पुन्हा एकदा आणशील? त्यांना अजून पुष्कळ माहीत असेल त्याचं. मी आई, आणि मला…" इथे आल्यापासून आवाज न करता रडणाऱ्या चारुताताई आता हुंदके देऊन रडू लागल्या. अनुष्का दचकून जागी झाली. प्रसादनं पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली आणि मक्याच्या शेताशेजारी थांबवली. कुणीच त्यांना गप्प केलं नाही.